कापायचं की झाकायचं

गाडी बघायला आलेले गृहस्थ उंच होते, चष्मेवाले होते आणि तसे सभ्यही होते. त्यांनी दारं उघडून-मिटून पाहिली, टायरांना बुटाने हळूच ढोसलं, मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकला, आणि दरवेळी "हं, हं" असा समाधानाचा हुंकार दिला. मग ते बॉनेटवर वाकले. सकाळचं तिरपं ऊन नेमकं तिथेच पडलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "गाडी फिरलीय कमी. पण ठेवलेली नाही हो नीट. सगळा रंग ओरखड्यांनी भरलाय."

त्या वेळी आई चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती. ती तिथल्या तिथे वळली आणि चहा आल्या पावली परत वर गेला.

काय झालं ते गृहस्थांना कळलं नाही. लेकीला कळलं. गाडी बाबांची होती. बाबांविषयी बोलायचं तर पुष्कळ काही बोलता आलं असतं. ते पत्ते खेळताना चिडायचे. औषध घ्यायला विसरायचे आणि घेतलं म्हणून सांगायचे. फोनवर बोलताना समोरचा माणूस जितका लांब असेल तितका आवाज चढवायचे. यातलं काहीही त्या गृहस्थांनी म्हटलं असतं, तर आईने चहा पुढे करून स्वतःच्या चार तक्रारी वर जोडल्या असत्या. पण गाडी ठेवली नाही? ज्या माणसाने रोज सकाळी, दात घासल्यावर आणि चहाच्या आधी, पिवळं फडकं एकदा हवेत फटकारून अख्खी गाडी पुसली, मग सर्दी असो, सुट्टी असो, गाडी कुठे जायची असो वा नसो? दवाखान्यात न्यायला अँब्युलन्स आली तेव्हा स्ट्रेचरवरून तिच्या काचेवरची धूळ पाहून ज्याने नापसंतीने मान हलवली, त्या माणसाने?

गृहस्थ "कळवतो" म्हणून गेले. लेक वर आली. आई ओट्याशी उभी राहून पाहुण्यांचा चहा स्वतः पीत होती.

"त्या माणसाला गाडी द्यायची नाही," ती म्हणाली.

"बरं."

"द्यायची."

"म्हणजे?"

"त्यालाच द्यायची. पण आधी चकचकीत करायची, रविवारी त्याला परत बोलवायचं, त्याच्या तोंडून नीट ऐकायचं आणि मगच द्यायची. त्यांच्या गाडीला नावं ठेवून कुणी असं जिना उतरून जाता कामा नये."

"ते जिना चढलेच नव्हते, आई."

"तेच म्हणते मी. चहासुद्धा न घेता गेला."

लेक परगावी एका ग्रंथालयात काम करायची. आईजवळ राहायला म्हणून तिने लांबलचक रजा घेतली होती. गाडी विकणं हे त्या रजेतलं शेवटचं काम होतं, कारण आईला चालवता येत नव्हती आणि लेक चालवायला बसली की तिला शेजारच्या सीटवरून बाबांचं "क्लच, क्लच!" ऐकू यायचं, आणि आता ते ऐकू येत नाही म्हणून तिला चालवता येत नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिने फारसं काहीच कुणाला सांगितलं नव्हतं. बाबा गेल्यापासून ती रडलेली कुणी पाहिली नव्हती, आणि इमारतीला याची फार काळजी लागून राहिली होती. जिन्यात गाठ पडली की लोक आधी तिच्या डोळ्यांकडे बघत, मग स्वतःच्या चपलांकडे, आणि मग "येते हं" म्हणून निघत. तिची उंची मामाकडून आलेली, त्यामुळे चपलांकडे बघणारी ही सगळी डोकी तिला वरून दिसायची.

कुठलीही अडचण आली की तिच्यावर वाचायचं, हा तिचा स्वभाव. बाबांचं दुखणं कळलं तेव्हा त्यावरही मिळेल ते सगळं तिने वाचलं होतं. बाबांना त्याचा उपयोग झाला नाही, पण डॉक्टर तिच्याशी जरा दबकून बोलायचे. आता तिने मोटारीच्या रंगावर वाचायला घेतलं.

मशीन घरात होतंच. बाबा निवृत्त झाले तेव्हा तिनेच त्यांना गाडी पॉलिश करायचं फिरत्या चकतीचं मशीन भेट दिलं होतं. त्यांनी "वा, वा, फारच छान!" म्हणून ते माळ्यावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पिवळं फडकं घेऊन खाली गेले. आता माळ्यावरून खोकं काढलं तर सील शाबूत. फक्त खोक्यावरचं मशीनचं चित्र फिकट झालेलं. आई म्हणाली, "त्यावर धूळ बसू द्यायचे नाहीत. दर आठवड्याला पुसायचे."

तर मशीन होतं. प्रश्न उरला पॉलिश कुठलं लावायचं याचा. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही. मोटारीच्या पॉलिशांविषयी जगात जेवढं लिहिलं गेलंय आणि ज्या त्वेषाने लिहिलं गेलंय, तेवढं धर्मग्रंथांवरही लिहिलं गेलं नसेल असं तिला दोन दिवसांत वाटू लागलं. एक पंथ म्हणे, आधी खरखरीत लावा, मग मऊ. दुसरा म्हणे, आधी मऊच लावून बघा, खरखरीताला हात लावाल तर पस्तावाल. लोकरीची चकती, कडक स्पंजाची चकती, मऊ स्पंजाची चकती. आणि प्रत्येक चकतीबरोबर प्रत्येक पॉलिशची जोडी लावून पाहिलेले, एकमेकांना मूर्ख म्हणणारे लोक. ओरखडे काढतात म्हणजे काय करतात, हेही तिला तिथेच कळलं. ओरखडा उचलून बाहेर काढता येतच नाही. त्याच्या आजूबाजूचा रंगच घासून घासून त्याच्या पातळीला आणतात. मग तो दिसत नाही. हे वाचून ती थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसली. मग दुकानात गेली.

दुकानदार गाड्यांचे रंग विकायचा आणि बोलायचा जणू स्वतःच रंग शोधून काढलेत.

"कापायचंय का झाकायचंय?" त्याने विचारलं.

"काय?"

"ओरखडा हो, ताई. कापणारं पॉलिश हवं का झाकणारं? कापणारं रंग कापतं, वेळ खातं, चूक झाली की रंगाच्या खालचा पत्रा बघायला मिळतो. झाकणारं त्या भेगांत जाऊन बसतं. एका हातात काम. बघणाऱ्याला बापजन्मात कळणार नाही."

लेकीचा एकंदर कल झाकण्याकडेच असायचा. तिने झाकणारं घेतलं.

आता मशीन लावायचं तर वीज हवी, आणि पार्किंगमध्ये एकच प्लग, तो सामायिक, आणि सामायिक म्हणजे सेक्रेटरींचा. सेक्रेटरी पांढराशुभ्र शर्ट घालून खाली आले. त्यांच्या काखेत रजिस्टर होतं.

"प्लग वापरायला हरकत काहीच नाही," ते म्हणाले. "फक्त गाडीच्या मालकाचा अर्ज लागेल."

"देते ना लिहून," लेक म्हणाली.

"तुमचा नाही चालणार, ताई. आमच्या नोंदीत गाडी ज्यांच्या नावावर आहे, त्यांची सही हवी. नियम म्हणजे नियम. बघू, नोंदीत नाव आहे..." त्यांनी पान उलटलं, नाव वाचलं, आणि त्यांचा आवाज विहिरीत पडल्यासारखा खाली गेला. "म्हणजे... माझं म्हणणं तसं नव्हतं... वहिनी, मी आपलं..."

आई म्हणाली, "काही हरकत नाही. भेटले की घेऊन ठेवते सही. तोवर लावू का मशीन?"

सेक्रेटरींनी रजिस्टर मिटलं. मग ते जे घरी गेले ते स्वतःच्या घरची लांब वायर घेऊनच परत आले, ती स्वतः जोडली, आणि मनातलं ओझं उतरावं म्हणून मशीनशेजारी पहारा द्यायला उभे राहिले. हीच त्यांची चूक झाली.

चकती आधी रंगावर टेकवायची आणि मगच बटण दाबायचं, हे लेकीने इतक्या ठिकाणी वाचलं होतं की वाचलेलं करायचंही असतं हे तिच्या लक्षात राहिलं नाही. तिने चकतीवर पॉलिशचे थेंब सोडले, मशीन दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि बटण दाबलं. पॉलिश चहूकडे गेलं. खांबावर गेलं. "परिसर स्वच्छ ठेवा" या पाटीवर गेलं. सेक्रेटरींच्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत एक सुरेख तिरकी ओळ उमटली. फक्त गाडीवर एक थेंब उडाला नाही.

"असू दे, असू दे," सेक्रेटरी शर्टाकडे न बघता म्हणाले. सहीच्या बदल्यात हा माणूस त्या दिवशी काहीही सोसायला तयार होता.

पण संध्याकाळपर्यंत गाडी अशी झळाळली की येणारे-जाणारे थांबून बॉनेटमध्ये भांग नीट करू लागले. गर्द निळा रंग खोल विहिरीसारखा दिसू लागला. एक ओरखडा दिसेल तर शपथ. आईने गाडीभोवती एक फेरी मारली, पदराचं टोक बोटाला गुंडाळून आरशावरचा एक नसलेला डाग पुसला, आणि वर जाऊन त्या गृहस्थांना फोन लावला. रविवारी या म्हणाली. आवाजात जरा मिरवणूक होती.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बहिणीच्या दुःखात आपला हातभार लागावा म्हणून ती दर खेपेला येऊन या घरातलं काहीतरी घासून जायची. आतापर्यंत तिने सगळी पातेली, मोरीच्या फरशा आणि एक भिंत घासली होती.

"पॉलिश केलंत आणि धुतली नाहीत?" ती खालूनच ओरडली, आणि वरून कुणी "अगं नको" म्हणेपर्यंत बादली, भांड्यांचा साबण आणि घासणी घेऊन तिने गाडी धुतली. मन लावून धुतली. साबणाचा फेस ओघळून गेला, त्याबरोबर भेगांत बसलेलं पॉलिश गेलं, आणि वाळलेल्या गाडीवर ऊन पडलं तेव्हा प्रत्येक ओरखडा आपापल्या जागी हजर होता.

लेक खाली आली. मावशी हात पुसत म्हणाली, "बघ, स्वच्छ झाली की नाही?"

"झाली, मावशी."

"मग चेहरा असा का?"

"असाच आहे."

रविवार जवळ आला होता आणि आता झाकणाऱ्याचा काही भरवसा राहिला नव्हता. लेक पुन्हा दुकानात गेली. "मी म्हटलंच होतं," दुकानदार म्हणाला. त्याने असं काही म्हटलं नव्हतं. या खेपेला तिने कापणारी पॉलिशं आणली, खरखरीत, मध्यम आणि बारीक, आणि तिन्ही तऱ्हेच्या चकत्या. हे सगळं बॉनेटसमोर एका स्टुलावर मांडलं तेव्हा पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर दवाखान्यात निघाले होते. ते थांबले. बॅग खाली ठेवली. एक बाटली उचलून त्यांनी थेंबभर पॉलिश बोटांत चोळून पाहिलं.

"हे तर आमचंच काम!" ते म्हणाले. आवाजात इतका आनंद होता की लेक दचकली. "दात चमकवायची पेस्ट अशीच असते. खरखरीत, मध्यम, बारीक. मध्यमने सुरू करा, कडक चकतीवर. मग बारीक, मऊ चकतीवर. खरखरीत विसरा."

"छे छे," सेक्रेटरी म्हणाले. ते नवा शर्ट घालून आणि पुरेसं अंतर राखून उभे होते. "खरखरीतच घ्या, लोकरीच्या चकतीवर. एकदाच काय तो निकाल लागू द्या."

"कशाला एवढी यातायात?" मावशी वरून म्हणाली. "टूथपेस्ट चोळा. आमच्या ह्यांच्या स्कूटरला मी टूथपेस्टच चोळते."

दातांचे डॉक्टर दुखावले. "टूथपेस्ट? गाडीला?" मग खालच्या आवाजात, "कुठली वापरता?"

सगळ्या पुस्तकी पंथांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं: आधी लहानशा जागेवर करून बघा. तेव्हा लेकीने बॉनेटवर कागदी चिकटपट्टीने चौकोन आखले. एक डॉक्टरांचा, एक सेक्रेटरींचा, एक मावशीचा, एक तिचा स्वतःचा. तिच्या चौकोनात सगळ्यात बारीक पॉलिश, सगळ्यात मऊ चकती. तो चौकोन होता तसाच राहिला, फक्त जरा सुस्कारा टाकल्यासारखा दिसू लागला. सेक्रेटरींच्या चौकोनातले ओरखडे खरंच साफ गेले, पण जागा धुक्याने भरल्यासारखी पांढुरकी झाली. "निकाल लागला," मावशी म्हणाली. तिच्या स्वतःच्या चौकोनाला पुदिन्याचा वास येत होता, बाकी काही नाही. डॉक्टरांचा चौकोन मात्र आरसा झाला. डॉक्टरांनी त्यात स्वतःचे दात पाहिले.

बॉनेट आता बुद्धिबळाच्या पटासारखं दिसत होतं आणि इमारत ते बघायला लोटली. ज्यांनी इतके दिवस जिन्यात चपला न्याहाळल्या होत्या, ते आता गाडीभोवती कोंडाळं करून वाद घालत होते. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी केळ्याची साल सुचवली. कुणी म्हणालं काळी मेणपेन्सिल फिरवा, कुणी म्हणालं अख्खी गाडीच पांढरी रंगवा, म्हणजे ओरखडा दिसायचा प्रश्नच नाही. लेक प्रत्येकाला उत्तर देत होती. मध्येच तिच्या लक्षात आलं की बाबा गेल्यानंतर ही माणसं तिच्याशी इतकं पहिल्यांदाच बोलताहेत, आणि तीही त्यांच्याशी. त्यांना तिच्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं. आता कळलं होतं. "मध्यम पॉलिश, कडक चकती" असं म्हणताना डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि तो काही पॉलिशसाठी नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरांनी बॅगेतून कपाळाला बांधायचा दिवा काढला. दवाखान्यातले पेशंट ताटकळत होते, पण हे महाशय गाडीची तपासणी करत निघाले. दारं पाहिली. डिकी पाहिली. टपावर दिवा धरून पायांच्या टाचा उचलल्या.

"हे मला ओळखीचं आहे," ते म्हणाले. ते आता पूर्ण दवाखान्यात होते, समोर गाडी आहे की जबडा याचं त्यांना भान नव्हतं. "जे दातांची काळजी घेत नाहीत त्यांचे दात किडतात. जे फार घेतात त्यांचे झिजतात. रोज, कोरडंच, जोर लावून घासायचं. ही गाडी हयगयीने नाही खराब झालेली. ही कुणीतरी रोज पुसलीय. कोरड्या फडक्याने. धूळ आणि फडकं, धूळ आणि फडकं, वर्षानुवर्षं. फार मनापासून केलेलं नुकसान आहे हे. आणि इथे बघा, टपाच्या मधोमध हा पट्टा अगदी कोरा. तिथपर्यंत हात पोचत नसणार. माणूस बुटका असावा, आणि..."

इथे त्यांना आठवलं की तो माणूस कोण होता. त्यांनी कपाळावरचा दिवा बंद केला.

सेक्रेटरींनी चिकटपट्टीचा एक सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

आई पुढे आली. तिने डाव्या बाजूने टपावर हात ठेवला आणि हळूहळू आत सरकवत नेला, जिथे ओरखडे संपत होते तिथपर्यंत. तिचा हात तिथे पोचायला तिलाही टाचा उचलाव्या लागल्या.

"इथपर्यंत यायचा," ती म्हणाली. "स्टूल घ्या म्हटलं की रागवायचे. मी काय एवढा बुटका आहे का, म्हणायचे."

मग ती वर गेली. लेकीला वाटलं, आता झालं. पण थोड्या वेळाने आई ट्रे घेऊन आली, आणि ट्रेमध्ये सगळ्या कोंडाळ्याला पुरेल एवढा चहा होता.

कप गोळा करताना आई लेकीला म्हणाली, "म्हणजे तो माणूस खोटं बोलला नव्हता."

"त्याला ओरखडे दिसले, आई. ते कशाचे ते त्याला माहीत नव्हतं."

"मला तरी कुठे माहीत होतं? रोज खिडकीतून बघत होते." आईने कप ट्रेमध्ये ठेवला. "त्यांना कळलं असतं तर जेवले नसते आठवडाभर."

दोघींना एकदम हसू आलं, कारण ते अगदी खरं होतं. बाबा ओट्यावरचा डाग मनाला लावून घेणारे. रोज पुसून पुसून आपणच गाडी खराब केली, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी गाडीची माफी मागितली असती, आणि मग माफी मागायला जाताना फडकं घेऊन गेले असते.

काम पुरं करणं तर भाग होतं. पटासारखं बॉनेट कुणाला दाखवणार? डॉक्टरांच्या जोडीवर शिक्कामोर्तब झालं. लेकीने दारांच्या कडा चिकटपट्टीने झाकल्या, थोडी थोडी जागा घेऊन सावकाश मशीन फिरवलं, आधी मध्यम, मग बारीक. सेक्रेटरी वायर उचलून धरून तिच्या मागून फिरत होते, नवरीचा शेला सांभाळावा तसे. बॉनेटवरचे चौकोन एकमेकांत मिसळले. दारं झाली. डिकी झाली. रंगाच्या त्या एका पातळ थराबरोबर रोजच्या सकाळी जात होत्या हे तिला दिसत होतं, पण मशीनचा आवाज मोठा असतो आणि त्याच्यापुढे फार विचार करता येत नाही, हा मशीनचा एक गुण आहे.

टप राहिला. तिने चकतीवर थेंब सोडले आणि नियमाप्रमाणे चकती आधी टेकवली. ओरखडे संपून कोरा पट्टा सुरू होतो, नेमकी तिथे. बटणावर अंगठा ठेवून ती उभी राहिली. सेक्रेटरी वायर धरून उभे राहिले. त्यांना वाटलं वीज गेली.

"राहू दे तेवढं," आई मागून म्हणाली.

लेकीने चकती उचलली आणि थेंब पुसून घेतले.

रविवारी गृहस्थ आले. त्यांनी गाडी पाहिली, चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा मिटला, दुसरा मिटून पहिला उघडला. "मागच्या खेपेला मी हीच गाडी पाहिली होती ना?" ते म्हणाले. "काय सुंदर ठेवलीय हो!"

आईने मान हलवली. हेच वाक्य ऐकायला तिने ही सगळी यातायात केली होती, आणि आता ते मिळालं तर तिने ते विसरलेली पावती घ्यावी तसं घेतलं. गृहस्थ उंच. त्यांना टप विनासायास दिसला.

"एवढं राहिलं वाटतं?"

"राहिलं नाही," आई म्हणाली, "मुद्दाम ठेवलंय." आणि तिने त्यांना कडेपासून हात नेऊन दाखवलं, कुठपर्यंत पोचायचा ते. फडक्याचं सांगितलं. स्टुलाचं सांगितलं. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "मागच्या खेपेला मी जरा घाईने बोललो."

"तुम्हाला काय माहीत?" आई म्हणाली.

"टप असाच राहील. मी हात लावणार नाही."

"लावा हो. पावसापाण्याची गाडी आहे, वापरायला देतेय मी. चहा घेणार ना?"

आणि चहा खाली आला. उद्या सकाळी गाडी न्यायची ठरली.

सकाळी लेकीला जाग आली ती फडकं हवेत फटकारल्याच्या आवाजाने. क्षणभर ती अंथरुणात तशीच पडून राहिली, कारण उठलं तर तो आवाज कुणाचा ते कळलं असतं. मग उठून खिडकीशी गेली. खाली आई होती. हातात पिवळं फडकं. आरशासारख्या झालेल्या बॉनेटवर ती गोल गोल हात फिरवत होती, कोरडा, जोर लावून.

लेक जिना उतरून गेली. सगळी वाचलेली वाक्यं तिच्या ओठांशी आली होती: कोरडं फडकं नको, आधी पाणी, मऊ कापड, एकाच दिशेने. आईने वर न बघता म्हटलं, "ते कधी न पुसता गाडी बाहेर काढायचे नाहीत. एकदा पुसून देते."

"टप राहिलाय तुझा," लेक म्हणाली.

"माझा हात नाही पोचत."

लेकीने फडकं घेतलं. ते तिच्या कल्पनेपेक्षा मऊ होतं आणि त्याला घरातल्या कपाटाचा वास होता. तिने ते एकदा हवेत फटकारलं. बरोबर जमलं नाही, पुन्हा फटकारलं. मग कडेपासून सुरुवात केली, बाबांच्या ओरखड्यांवरून गोल गोल आत, ते संपले तिथपर्यंत. तिचा हात लांब होता. ती तशीच पुढे गेली, टपाच्या मधोमध, जिथे त्यांचा हात कधी पोचला नव्हता त्या कोऱ्या पट्ट्यावर. तिथे पुसताना तिला नीट दिसेना. तिने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा पुसू लागली. पुन्हा दिसेना.

"दमाने," आई म्हणाली. तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "सावकाश पुस. घाई नाहीये."

वरच्या गॅलरीत सेक्रेटरी दूध घ्यायला आले होते. त्यांना खालचं सगळं दिसलं नाही. त्यांना फक्त फडकं दिसलं.

"अहो ताई!" ते घाबरून ओरडले. "कोरडं फडकं नका मारू! ओरखडे येतील!"

"येऊ द्या," लेक म्हणाली.